संघ का सोडला जातो? अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमधील स्थलांतर

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा हंगाम दरवर्षी एप्रिलच्या आरंभी राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्याने संपतो आणि त्याच सुमारास दुसरी एक हालचाल सुरू होते. आपले महाविद्यालय सोडून दुसऱ्या संघात जाण्याची इच्छा खेळाडू लेखी नोंदवू लागतात. पहिल्या श्रेणीत सुमारे ३६० संघ आहेत. त्यांतून अशी नोंद करणाऱ्या मुलींची संख्या अलीकडच्या वर्षांत हजारावर गेली आहे. दोघी-तिघी गेल्या तर त्याची फारशी दखल घेतली जात नाही. निम्मा संघ रिकामा झाला, की मात्र बोट थेट प्रशिक्षकाकडे वळते. ते दर वेळी योग्य दिशेला वळलेले असतेच असे नाही.

सर्वांत सामान्य कारण साध्या हिशेबात आहे. सामना ४० मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच जणी असतात. म्हणजे संघातील १५ खेळाडूंमध्ये वाटायला एकूण २०० मिनिटे उरतात. चुरशीच्या सामन्यात बहुतेक प्रशिक्षक आठ-नऊ खेळाडूंवरच भिस्त ठेवतात. शाळेत असताना आपल्या गावातील सर्वोत्तम ठरलेली मुलगी येथे येऊन वर्षभर बाकावर बसते आणि पुढील वर्षीही चित्र बदलणार नाही हे तिला कळून चुकते. अशा मुलीने दुसरा संघ शोधला तर त्यात ना तिचा दोष, ना प्रशिक्षकाचा.

पण या निर्णयात खेळण्याच्या मिनिटांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. शिकवणी शुल्क, निवास आणि भोजन यांचा खर्च भागविणारी शिष्यवृत्ती खेळाशी बांधलेली असते. १९७३ पासून ही शिष्यवृत्ती एकेका वर्षासाठीच देण्याचा नियम होता. अनेक वर्षांच्या शिष्यवृत्तीला २०११ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली. त्यामुळे संघ सोडणे म्हणजे बहुतेक मुलींच्या बाबतीत शिक्षणाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न नव्याने उभा करणे होय.

परवानगीचे दिवस

संघ सोडण्याची किल्ली फार काळ महाविद्यालयाच्या हाती होती. महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन अर्थात एनसीएए या संस्थेच्या जुन्या नियमांनुसार दुसऱ्या महाविद्यालयाशी बोलणी करण्यासाठी खेळाडूला आधी आपल्या महाविद्यालयाची अनुमती घ्यावी लागे. ती नाकारली गेली तर नव्या ठिकाणी पहिले वर्ष क्रीडा शिष्यवृत्ती मिळत नसे. शिवाय महिला बास्केटबॉलसह पाच खेळांत स्थलांतर करणाऱ्या पदवीपूर्व खेळाडूला सामान्यतः एक वर्ष सामने न खेळता काढावे लागे. गंमत अशी, की प्रशिक्षकावर असे कोणतेही बंधन नव्हते. तो हंगाम संपताच अधिक वेतनाच्या विद्यापीठात जाऊ शके आणि त्याच्या भरवशावर आलेल्या मुली मागे राहत.

या विषमतेचे ठळक उदाहरण २०१४ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात दिसले. स्पेनची लेतिसिया रोमेरो तेथे पहिल्याच वर्षी संघाची आघाडीची खेळाडू ठरली होती. तिला निवडून आणणाऱ्या प्रशिक्षक डेब पॅटरसन यांना विद्यापीठाने त्या वर्षी पदावरून दूर केले. ज्यांच्यासाठी आपण आलो त्याच नाहीत, म्हणून रोमेरोने दुसरीकडे जाण्याची अनुमती मागितली. विद्यापीठाने ती नाकारली. अपीलही फेटाळले गेले. एका परदेशी विद्यार्थिनीला अडवून धरल्याबद्दल माध्यमांतून टीकेची झोड उठल्यावर विद्यापीठाने त्याच वर्षी माघार घेतली आणि ती फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गेली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या स्पेनच्या संघात ती होती.

चौघींची तुकडी

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. २०१३ मध्ये डायमंड डिशील्ड्स, अलिशा ग्रे, स्टेफनी मावुंगा आणि जेसिका वॉशिंग्टन या चौघी एकाच वेळी तेथे दाखल झाल्या. देशातील त्या वर्षीची सर्वोत्तम नवी तुकडी म्हणून त्यांचा गाजावाजा झाला होता. प्रशिक्षक सिल्व्हिया हॅचेल त्या हंगामात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत असल्याने मैदानापासून दूर होत्या. तरीही संघ राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या आठ संघांपर्यंत पोहोचला. त्यानंतर लगेचच, २०१४ च्या उन्हाळ्यापूर्वी, डिशील्ड्सने विद्यापीठ सोडले आणि टेनेसीची वाट धरली. पुढल्या वर्षी उरलेल्या तिघीही गेल्या: ग्रे साउथ कॅरोलायनात, मावुंगा ओहायो स्टेटमध्ये आणि वॉशिंग्टन कॅन्ससमध्ये.

या काळात विद्यापीठावर एका वेगळ्याच प्रकरणाचे सावट होते. नावापुरत्या अभ्यासक्रमांतून १८ वर्षांत तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना गुण दिले गेल्याचा चौकशी अहवाल ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत खेळाडूंची संख्या मोठी होती. एनसीएएने २०१५ मध्ये विद्यापीठाला जी आरोपांची नोटीस दिली, तीत महिला बास्केटबॉलचाही उल्लेख होता. अखेर २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा केली नाही. पण निकाल लागेपर्यंत संघावर बंदी येईल की काय, ही टांगती तलवार दोन-अडीच वर्षे राहिली. चार वर्षांचीच खेळाची कारकीर्द असलेल्या मुलीला इतका काळ थांबणे परवडत नाही.

ग्रेने नियमानुसार एक हंगाम बाहेर बसून काढला. मग २०१७ मध्ये साउथ कॅरोलायनाने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, तेव्हा अंतिम सामन्यात तिने १८ गुण नोंदविले. त्याच वर्षी ती व्यावसायिक लीगमधील वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन-विरुद्ध-तीन प्रकारात सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकी संघातही ती होती. नॉर्थ कॅरोलायनाचा संघ मात्र चौघी गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात जिंकलेल्यापेक्षा अधिक सामने हरला. पुढे २०१९ मध्ये संघातील वातावरणाबद्दलच्या तक्रारींची बाहेरच्या संस्थेमार्फत चौकशी झाली आणि तिच्या निष्कर्षांनंतर हॅचेल यांनी राजीनामा दिला. ही चौकशी आणि चौघींचे जाणे यांचा परस्पर संबंध जोडण्याचा मोह होतो. पण त्यासाठी जाहीर नोंदींत आधार नाही आणि चौघींनी एकाच कारणासाठी संघ सोडला असे मानण्याचेही कारण नाही.

कारण कधी कधी घरातच असते. एलेना डेले डॉन ही २००८ मध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या खेळाडूंत देशात अव्वल मानली जात होती. त्या काळातील सर्वांत बलाढ्य अशा कनेक्टिकट विद्यापीठाने तिला पूर्ण शिष्यवृत्ती दिली होती. उन्हाळी वर्गासाठी तेथे पोहोचल्यावर दोनच दिवसांत ती घरी परतली. तिची थोरली बहीण जन्मतः अंध आणि बधिर आहे. दूरध्वनीवरून तिच्याशी बोलणे शक्य नाही, सोबत असणे हाच संवाद. डेले डॉनने घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात प्रवेश घेतला, एक वर्ष बास्केटबॉलऐवजी व्हॉलीबॉल खेळले आणि मगच ती मूळ खेळाकडे वळली. २०१३ मध्ये तिने त्या छोट्या विद्यापीठाला अखेरच्या सोळा संघांत नेले. नंतर व्यावसायिक लीगची सर्वोत्तम खेळाडू म्हणून ती दोनदा, २०१५ आणि २०१९ मध्ये, निवडली गेली. कनेक्टिकटच्या प्रशिक्षकांना या प्रकरणात दोष देता येणार नाही.

आकडा बोलतो तेव्हा

मग संघ सोडणाऱ्यांच्या संख्येला काही अर्थ असतो की नाही? टेक्सास टेक विद्यापीठाच्या प्रकरणाने याचे उत्तर दिले. मार्लीन स्टॉलिंग्ज यांच्या प्रशिक्षणाखालील दोन हंगामांत तेथील २१ पैकी १२ खेळाडूंनी संघ सोडला. त्यांतील अनेक जणींची निवड स्वतः स्टॉलिंग्ज यांनीच केलेली होती, त्यामुळे जुन्या प्रशिक्षकाच्या खेळाडूंना नव्या पद्धती रुचल्या नाहीत, हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे लागू पडत नव्हते. ‘यूएसए टुडे’ आणि ‘द इंटरकॉलेजिएट’ यांनी ५ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या वृत्तात भीतीचे वातावरण, अपमानास्पद वागणूक आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्यांचा धाकासाठी वापर यांबद्दल खेळाडूंच्या तक्रारी होत्या. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने स्टॉलिंग्ज यांना काढून टाकले. त्यांनी आरोप नाकारले आणि विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला.

या वृत्तासाठी बातमीदारांनी आधार घेतला तो हंगाम संपल्यावर विद्यापीठाच्या वतीने खेळाडूंच्या घेतल्या जाणाऱ्या मुलाखतींचा. म्हणजे मुलींनी आपले म्हणणे विद्यापीठाच्याच अधिकाऱ्यांना आधी सांगितलेले होते. ते कागद दफ्तरात होते आणि माहितीच्या अर्जावरून बाहेर आले. पत्रकारांनी ते मागितले नसते तर बाहेरच्या जगाला केवळ १२ हा आकडा दिसला असता. मुलगी जाताना बहुधा ‘वैयक्तिक कारण’ एवढेच सांगते, कारण नव्या प्रशिक्षकाने जुन्याला दूरध्वनी करून तिची चौकशी केली तर काय, ही धास्ती असते.

नवे नियम, नवा बाजार

एनसीएएने १५ ऑक्टोबर २०१८ पासून ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही संगणकीय नोंदवही सुरू केली. खेळाडूने लेखी कळविले, की कामकाजाच्या दोन दिवसांत महाविद्यालयाने तिचे नाव त्यात घालणे बंधनकारक झाले. अनुमतीची अट गेली. ही नोंदवही सर्वसामान्यांना पाहता येत नाही, नावे माध्यमांतूनच बाहेर येतात. २०२१ मध्ये एक वर्ष बाहेर बसण्याची अट पहिल्या स्थलांतरापुरती सर्व खेळांतून उठली. दुसऱ्या स्थलांतरावरचे बंधन वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्थगित केले. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने स्वतःच, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलण्याची मुभा दिली. नोंदणीची मुदत मात्र आखडत गेली: २०२२ मध्ये ६० दिवस, २०२३ मध्ये ४५ आणि २०२४ मध्ये ३०.

याच काळात पैसाही आला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या व्यापारी वापरातून कमाई करता येऊ लागली, तर जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती. त्यातील सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. महिला संघांच्या वाट्याला उरलेल्यातील भाग येतो.

या मुक्त व्यवहारात संघ मोडतात तसे झटपट उभेही राहतात. एंजल रीस आणि अॅशली ओवुसू या दोन प्रमुख खेळाडू २०२२ मध्ये मेरीलँडमधून गेल्या. रीसने पुढच्याच वर्षी लुइझियाना स्टेटला विजेतेपद मिळवून दिले. अंतिम सामन्यात आयोवाचा १०२-८५ असा पराभव झाला. पण मेरीलँडही कोसळले नाही. दुसरीकडून आलेल्या खेळाडूंना घेऊन ते आदल्या वर्षीपेक्षा एक फेरी पुढे गेले. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाची उलथापालथ तर याहून नाट्यमय आहे. जानेवारी २०२४ मध्ये दुखापतींमुळे तेथे मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत. दोन सामने सोडून द्यावे लागले आणि विद्यापीठातील विद्यार्थिनींमधून खुली निवड चाचणी घेऊन जागा भरण्यात आल्या. चौदा महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, तोच संघ इतिहासात प्रथमच अखेरच्या आठांत होता. त्याची सूत्रधार हेली व्हॅन लिथ हिचे हे तिसरे विद्यापीठ होते.

नावाजलेल्या खेळाडूंच्या या कथा डोळ्यांत भरतात. पोर्टलमध्ये नाव घालूनही ज्यांना कोणी बोलावत नाही, त्या मुलींची बातमी होत नाही. नाव नोंदविले, की जुने महाविद्यालय चालू सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती थांबवू शकते. नाव मागे घेता येते, पण परत घेण्याचे बंधन महाविद्यालयावर नसते. तिची जागा तोवर दुसरीला दिलेली असली तर ती मधल्या मध्ये अडकते.

अभ्यासाचा अडसर वेगळाच. आपल्याकडे विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा अनेकांच्या परिचयाच्या आहेत. अमेरिकेत कागदपत्रे तुलनेने लवकर होतात, पण जुन्या विद्यापीठात मिळविलेले सर्व श्रेयांक नव्या अभ्यासक्रमात धरले जातीलच याची हमी नसते. खेळण्यास पात्र राहण्यासाठी मात्र तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीचा ४० टक्के, चौथ्या वर्षाच्या आरंभी ६० टक्के अभ्यासक्रम पूर्ण असावा लागतो. तिसऱ्यांदा संघ बदलणाऱ्या मुलीला हे गणित जुळविण्यासाठी कधी आवडीचा विषयही सोडावा लागतो.

भारतीय मुलींसाठी आणखी एक पायरी आहे. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाकडून, तर पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठाकडून पहिल्या श्रेणीत खेळली. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुली देशात आज अनेक आहेत. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या खेळाडूला अमेरिकेत राहून जाहिरातीची कमाई करण्यावर कडक निर्बंध असल्याने सहकारी खेळाडूंना मिळणारा पैसा तिला सहसा घेता येत नाही, आणि तिचा सारा मुक्काम शिष्यवृत्तीवरच अवलंबून राहतो. संघ सोडल्यावर नव्या विद्यापीठाकडे तिची विद्यार्थी व्हिसाची नोंद हस्तांतरित होऊन नवे आय-२० प्रमाणपत्र मिळावे लागते. नवे विद्यापीठ निश्चित नसताना जुने सुटले, तर अमेरिकी खेळाडू घरी जाऊन प्रतीक्षा करू शकते. भारतीय मुलीच्या देशातील वास्तव्याचाच प्रश्न उभा राहतो. म्हणून पोर्टलचा अर्ज भरण्यापूर्वी तिने क्रीडा विभागाबरोबरच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातही जाणे आवश्यक असते.