एका प्लेटीत न मावणारे प्रभामंडळ

विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो, पण १९८१ मध्ये जिल्हा वेगळा होईपर्यंत तो रत्नागिरीचाच होता. किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. नॉर्मन लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण इथूनच पाहिले आणि हेलियम शोधला, असे सांगतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट मायेने जपलेली आहे, पण तिच्यात सालांची गल्लत झाली आहे. १८६८ च्या त्या दिवशी लॉकयर इंग्लंडात होते. सौरज्वालांच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला ते आले ते जवळजवळ तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. सोबत मुलगा विल्यम होता, सहकारी आल्फ्रेड फाउलर होते, आणि ‘मेलपोमीनी’ या युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन व त्यांचे खलाशी होते. मला ही खरी भेट त्या दंतकथेपेक्षा मोलाची वाटते. ग्रहणाचे जे फोटो पाहून आज आपण थक्क होतो, त्यांच्या कुळातला एक मोठा टप्पा त्याच दुपारी महाराष्ट्रात पार पडला.

त्या फोटोंत काळ्या चंद्रबिंबाभोवती रेशमाच्या लडींसारखे प्रभामंडळ पसरलेले दिसते. कडेला गुलाबी ज्वाला, ध्रुवांपाशी बारीक सरळ किरण, विषुववृत्ताच्या बाजूला लांबच लांब झोत, आणि चंद्राच्या काळ्या तोंडावर पृथ्वीच्या उजेडात उमटलेले डागसुद्धा. हे सगळे एका एक्स्पोजरमध्ये येत नाही. चंद्राच्या कडेला लागून असलेले प्रभामंडळ आणि सूर्याच्या एक-दोन व्यासांवरचे प्रभामंडळ यांच्या तेजात हजारपटीहून जास्त फरक असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाचे एक्स्पोजर दिले तर ज्वाला आणि आतले कडे मिळते, बाहेर नुसता काळोख. दोन सेकंद दिले तर लांबचे झोत उमटतात, पण आतला भाग पांढराफटक जळून जातो. डोळ्याला ही अडचण इतकी भासत नाही. तो एका नजरेत बरेच काही सामावून घेतो, म्हणून खग्रास पाहिलेली माणसे फोटोवर हमखास नाराज असतात.

प्रभामंडळाचा पहिला नीट उतरलेला फोटो २८ जुलै १८५१ चा. कोनिग्सबर्गला बेर्कोव्स्की यांनी तो डॅगेरोटाइपच्या पत्र्यावर घेतला. त्यात आतले कडे दिसते, पुढचे काही नाही. पुढची वीस वर्षे भर राहिला तो ज्वालांवर.

मग १२ डिसेंबर १८७१ चे ग्रहण आले. त्याची सावली दक्षिण भारतावरून गेली. लॉर्ड लिंडसे यांच्या पथकाने बेकलच्या किनाऱ्यावर आणि कर्नल टेनंट यांनी निलगिरीतल्या दोड्डबेट्टावर काचेच्या प्लेटी घेतल्या. प्रत्येक प्लेटीत थोडे थोडे प्रभामंडळ होते. ते एकत्र आणण्याचे काम विल्यम वेस्ली यांच्याकडे आले. पुढे लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सहायक सचिव झालेले वेस्ली मूळचे खोदकाम करणारे कारागीर. कमी एक्स्पोजरच्या प्लेटीतून आतले धागे, जास्त एक्स्पोजरच्या प्लेटीतून बाहेरचे झोत, असे करत त्यांनी सगळ्या प्लेटींचे मिळून एक चित्र हाताने रेखाटले. १८७९ मध्ये रॅनयार्ड यांनी ग्रहणांवरचा जो जाडजूड ग्रंथ सोसायटीसाठी सिद्ध केला, त्यात वेस्लींची चित्रे आहेत. अनेक फोटोंचा मिळून एक करण्याची आजची रीत माझ्या मते इथून सुरू होते. तेव्हा संगणकाच्या जागी वेस्लींचा डोळा आणि पेन्सिल होती, इतकेच. उणीवही तिथेच होती. दोन प्लेटींत अस्पष्ट दिसणारा धागा खरा मानायचा की काचेवरचा डाग, हा निवाडा एका माणसाच्या नजरेवर सोडलेला होता.

१८९८ ची सावली विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली आणि देशावरून, विदर्भावरून ईशान्येकडे गेली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी तळ पडले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन त्याच भागात उतरले. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर यांनी प्रभामंडळाचा एक झोत इतका लांबवर टिपला, की तोवर तेवढा कोणाच्याच प्लेटीवर आला नव्हता. खग्रास स्थिती सगळीकडे दोन मिनिटांच्या आसपासची.

विजयदुर्गावर मुख्य भर वर्णपटावर होता. त्यासाठी भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे आणले होते. पण लॉकयर यांच्या पथकात चित्र काढणाऱ्यांसाठी आणखी एक रीत होती. समोर एक लहान चकती अशी धरायची, की चंद्रासकट आतले लखलखीत कडे झाकले जाईल आणि बाहेरचे फिकट झोत डोळ्याला दिसतील. झगझगीत भाग अडवायचा आणि मंद भागाला वाव द्यायचा, हे तत्त्व त्यात आहे.

तेच तत्त्व कॅमेऱ्यात आणणारा माणूस त्या दिवशी जेऊरच्या बाजूला उभा होता. ओकलंडच्या शाबो वेधशाळेचे चार्ल्स बर्कहॉल्टर. प्लेटीच्या अगदी पुढे, सूर्यबिंबाच्या मध्याभोवती गरगर फिरणारी धातूची एक पाती त्यांनी बसवली होती. पातीचा आकार हिशोबाने कापलेला होता. चंद्राच्या कडेजवळ ती जवळजवळ सगळा वेळ उजेड अडवायची, आणि जसजसे बाहेर जावे तसतशी मोकळी जागा वाढत जायची. एकाच प्लेटीवर, एकाच एक्स्पोजरमध्ये, आतल्या भागाला निमिषभर आणि बाहेरच्या भागाला कित्येक सेकंद उजेड मिळाला. १८९६ च्या ग्रहणात जपानला हा प्रयोग ढगांनी बुडवला होता. महाराष्ट्राच्या जानेवारीतल्या निरभ्र आकाशात तो साधला. वेस्लींनी जे प्लेटी घेतल्यानंतर हाताने केले, ते इथे प्लेट घेतानाच यंत्राने झाले, आणि कोणाच्या मताला त्यात जागा उरली नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट आपल्याकडे घडली आणि आपल्याला तिचा पत्ता नाही, याची मला खंत वाटते.

फिरत्या पातीची जागा पुढे काचेने घेतली. अमेरिकेतल्या हाय अल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीच्या गॉर्डन न्यूकर्क यांनी काचेवर धातूचा थर असा चढवला, की मध्याकडे तो दाट आणि बाहेर विरळ होत जाई. १२ नोव्हेंबर १९६६ ला बोलिव्हियात त्यांनी त्यातून प्रभामंडळ टिपले. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला हाच कॅमेरा हैदराबादजवळ पालेमला आला. ती सावली कारवारच्या बाजूने देशात शिरली. रत्नागिरीला मात्र ग्रहण खंडग्रासच दिसले.

डिजिटल कॅमेरे आले आणि काम पुन्हा वेस्लींच्या मार्गाला लागले, म्हणजे अनेक फोटो घ्यायचे आणि मग जुळवायचे. फ्रान्सचे सर्ज कुश्मी आणि ब्रनोचे गणितज्ञ मिलोस्लाव द्रुकम्युलर यांनी ही विद्या फार पुढे नेली. यातला खरा कस जुळवणीत लागतो. नवखा माणूस चंद्राची कड धरून फोटो एकावर एक बसवतो, आणि तिथेच फसतो. चंद्र सूर्यापुढून दर सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकत असतो. दोन मिनिटांत तो सूर्यबिंबाच्या तिसाव्या भागाइतका हलतो. चंद्र जुळवला की प्रभामंडळाचे धागे पुसट झालेच. म्हणून द्रुकम्युलर यांनी प्रभामंडळाच्या धाग्यांवरूनच, पिक्सेलच्या अंशापर्यंत जुळवणी करणारी गणिती पद्धत बसवली. मग प्रत्येक फोटोतला जळालेला आणि काळोखा भाग सोडून उरलेले एकत्र करायचे. शेवटी सूर्यापासून त्या त्या अंतरावरचे सरासरी तेज वजा करून बारीक धागे वर काढायचे. या शेवटच्या पायरीत बर्कहॉल्टरांची पातीच आकड्यांच्या रूपात फिरते आहे.

अशा फोटोला कोणी बनावट म्हटले की मला राहवत नाही. त्यातला प्रत्येक धागा सूर्यावर होता आणि कॅमेऱ्याने तो नोंदला होता. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सरासरी तेज वजा करणारा फिल्टर लावलेल्या चित्रात आत-बाहेरच्या तेजाचे खरे प्रमाण उरत नाही, त्यामुळे त्यावरून तेज मोजता येत नाही. फिल्टर जरा जास्त ताणला तर उजळ धाग्याशेजारी खोटी काळी रेघ उमटते, आणि तिला सूर्यावरची पोकळी समजणारे लोक भेटतात. म्हणून मूळ रॉ फाईल जपायच्या, आणि चित्राबरोबर काय काय केले तेही लिहायचे.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण रत्नागिरीत खंडग्रासच दिसेल. इजिप्तमध्ये लक्सरला मात्र खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त आहे. तिकडे जाणाऱ्यांनी एक्स्पोजरची मालिका हजाराव्या भागापासून दोन-चार सेकंदांपर्यंत लावावी आणि ती खग्रासभर पुन्हा पुन्हा चालू ठेवावी. फोकस आधीच पक्का करून चिकटपट्टीने बांधून टाकावा. ग्रहण सुटल्यावर, भिंगाला हात न लावता, सारख्या उजेडाचे कोरे फोटो आणि झाकण लावून काळे फोटो घ्यायला विसरू नये. सेन्सरवरची धूळ आणि कडांचा अंधार यांचा हिशोब नंतर त्यावरूनच लागतो.