हुरड्याचं वय

कणीस म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर मक्याचं पिवळं कणीस येतं. मका मूळचा मेक्सिकोकडचा, कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर जगभर पसरलेला. आमच्या बीड जिल्ह्यात कणीस म्हणजे ज्वारीचं. त्याचा सगळ्यात जुना पदार्थ कोणता, असं विचाराल तर मी भाकरी नाही म्हणणार, हुरडा म्हणेन.

भाकरीला जातं लागतं, तवा लागतो, थापणारा हात लागतो. हुरड्याला गोवऱ्यांची आगटी पुरते. पौषाच्या थंडीत कणसं निखाऱ्यात खुपसायची, चटके सोसत तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. दाण्यातली साखर अजून पिठूळ झालेली नसते, म्हणून ती गोडी. थोडे दिवस उलटले की दाणा टणक होतो आणि मजा संपते. गूळभेंडीसारखे वाण लोक खास हुरड्यासाठी धुऱ्याकडेला पेरतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. सुरतेत ह्यालाच पोंक म्हणतात, उत्तर कर्नाटकात सीतनी. ज्वारी जिथं रुजली, तिथं माणसाला तिचा हिरवा दाणा खायचा मोह झालाच.

आणि ज्वारी काही मूळची इथली नव्हे. पूर्व सुदानमध्ये सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची खापरं सापडली. कुंभारानं मातीत मिसळलेल्या भुशाचे ठसे त्यांत उमटले होते. ते लागवडीखालच्या ज्वारीचे असल्याचं संशोधकांनी २०१७ साली मांडलं. तिथून ती इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या रानात अशी मुरली, की परकी वाटतच नाही.

तिची दुसरी वाट अमेरिकेला गेली, गुलामांच्या व्यापाराच्या काळात. १९७२च्या दुष्काळात तिकडची लाल ज्वारी, मिलो, रेशनवर आली. जुन्या माणसांसमोर नुसतं 'मिलो' म्हणा, तोंड वाकडं होतं. आफ्रिकेतून निघालेलं एकच धान्य दोन वाटांनी एका ताटात आलं, तेही उपाशी पोटासाठी.

त्या दुष्काळानंतर आमच्याकडची माणसं साखर कारखान्यांच्या वाटेला जास्तच लागली. आता दसरा-दिवाळी झाली की लाखो लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ज्यांची दोन-चार एकर जमीन आहे ते रब्बीची ज्वारी पेरून जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि ढोरं. शहराजवळ याच दिवसांत हुरडा पार्ट्यांचे माणशी दर लागलेले असतात. खाणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यामुळे गूळभेंडी टिकली तर बरंच आहे.

पण दाणा चिकात येतो तेव्हा पेरणारे फडात असतात. उसाचा हंगाम संपवून ते गावी येतात तोवर ज्वारी काढून झालेली असते आणि रानात कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात.