हौशी रेडिओवरील गूढ खरखर : तिचा माग कसा काढतात?

हौशी रेडिओचालक अर्थात हॅम यांना कमी वारंवारतेच्या पट्ट्यांवर अनेकदा अनाकलनीय गुणगुण किंवा खरखर ऐकू येते. ही खरखर दूरवरून येत असावी, असा प्रथमदर्शनी समज होतो. प्रत्यक्षात तिचा उगम बहुधा स्वतःच्या किंवा शेजारच्या घरातच सापडतो.

जागतिक रेडिओसंपर्क परिषदेने २००७ मध्ये १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, तर २०१२ मध्ये ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हे पट्टे हौशी सेवेला दुय्यम तत्त्वावर दिले. १३६ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २,२०० मीटर असते. तिच्या मानाने अंगणात मावणारी अँटेना फारच तोकडी पडते. शिवाय या पट्ट्यावर प्रक्षेपित शक्तीची मर्यादा अवघी १ वॅट आहे. त्यामुळे मुळातच क्षीण असलेला संदेश थोड्याशा व्यत्ययानेही लुप्त होतो.

व्यत्ययाचे मुख्य कारण घरगुती विद्युत उपकरणांत दडलेले असते. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे आणि सौर इन्व्हर्टर यांतील मंडले वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्यातून निर्माण होणाऱ्या लहरी घरातील तारांवाटे सर्वत्र पसरतात. विजेच्या खांबावरील सैल जोडणीतून उडणाऱ्या ठिणग्यांचा आवाज मात्र वेगळा असतो. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात तो १०० हर्ट्झच्या घरघरीच्या रूपाने ऐकू येतो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे नोंदवही. आवाज कधी सुरू होतो, कधी थांबतो आणि पावसात त्यात बदल होतो का, हे टिपले जाते. त्यानंतर बॅटरीवर चालणारा रेडिओ सुरू ठेवून घराचा मेन स्विच बंद करतात. आवाज थांबल्यास दोष घरातच असतो. मग एकेक उपकरण सुरू करून तो नेमका शोधता येतो.

आवाज कायम राहिल्यास शोध घराबाहेर न्यावा लागतो. रेडिओतील फेराइट दांड्याचे टोक उगमाकडे वळले की आवाज सर्वांत क्षीण होतो. दोन-तीन ठिकाणांहून अशी दिशा घेऊन नकाशावर रेषा आखल्या असता, त्या जेथे छेदतात तेथे उगम असण्याची शक्यता असते. तारांमुळे या दिशा फसव्या ठरू शकतात. म्हणून शोधक क्रमाक्रमाने अधिक वारंवारतेवर ऐकतात. अधिक वारंवारतेचा व्यत्यय लवकर क्षीण होत असल्याने तो ऐकू येणे हे उगम जवळ आल्याचे लक्षण असते. संशय विजेच्या खांबावर असल्यास त्याला हात न लावता वीज कंपनीला कळवणेच योग्य होय.

वेल्समधील अॅबरहोसन या गावाचे उदाहरण बोलके आहे. तेथील ब्रॉडबँड सेवा सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता कोलमडत असे. टेलिफोनच्या तारांवरून चालणारी ही सेवा याच कमी वारंवारतांचा वापर करते. तारा बदलूनही उपयोग झाला नाही. अखेर अभियंत्यांनी वर्णपट विश्लेषक यंत्र घेऊन पहाटे गाव पालथे घातले, तेव्हा एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच दोषी निघाला. ही घटना २०२० मध्ये उघडकीस आली. आपल्या संचामुळे गावाची गैरसोय होत असल्याची मालकाला कल्पनाही नव्हती. म्हणूनच शेजाऱ्याच्या दारी जाताना तक्रारीपेक्षा विनंतीचा सूर उपयोगी पडतो. अनेकदा तारेवर फेराइटचे कडे बसवणे किंवा चार्जर बदलणे एवढ्यावर काम भागते.

हा खटाटोप केवळ छंदापुरता नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानशी संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघुलहरींवरील हौशी रेडिओद्वारे संदेशवहन सुरू ठेवले. अशा प्रसंगी एखाद्या सदोष चार्जरच्या खरखरीत मदतीची हाक हरवू नये, यासाठी रेडिओ पट्ट्यांवरील शांतता जपणे आवश्यक आहे.