फळा, फोन आणि फॉरवर्ड

स्मरणिका समितीचा आग्रह झाला, "काका, सोसायटीत निरोप कसे पोहोचायचे त्याचा इतिहास लिहा." लिहितो. मात्र त्यात एक कबुलीही आहे.

२००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा गेटजवळचा फळा हेच आपलं वर्तमानपत्र. पाण्याची वेळ, सभा, बारसं, सगळं खडूने लिहिलेलं. फोन मोजक्या घरी. बाकीचे एसटीडी बूथवर. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. तार आली की उघडण्याआधीच घरात डोळ्यांना पदर लागायचा. ती तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी कायमची बंद झाली. म्हणजे निरोपाबरोबर धास्ती तेव्हाही यायची. पण वर्षातून एखाद्या वेळी.

पुढे मोबाइल आले, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. पुण्याची नात रोज दिसू लागली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजी, औषधं, डबे, सगळं याच ग्रुपमुळे दारात आलं. हे उपकार मी विसरणार नाही.

आता कबुली. जून २०१८ मध्ये ग्रुपवर मेसेज आला : मुलं पळवणारी टोळी फिरते आहे. सोबत व्हिडिओ. नातू सुट्टीला आलेला, माझं काळीज धडधडलं. मी तो लगेच चार ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी गेटवर गलका झाला. भगव्या कपड्यातल्या एका भिक्षेकऱ्याला आपल्याच पोरांनी धरलं होतं. शेजारच्या आजी पुढे झाल्या, "अरे, हा डवरी गोसावी, दरवर्षी येतो!" म्हणून तो सुटला. पाणी दिलं तर पेला त्याच्या हातात थरथरत होता.

थोड्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची बातमी आली. आठवडी बाजारात आलेल्या मंगळवेढ्याकडच्या पाच डवरी गोसाव्यांना, मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. तिथे ओळख सांगणारी आजी नव्हती.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. शेवट कापून तो खरा म्हणून पसरवला गेला. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण यंत्राने घातलेल्या मर्यादेने काय होणार? बोट तर आपलंच.

बँकेत मी नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय पाचशेचा चेकसुद्धा पास केला नाही. आणि इथे माणसाच्या जिवाचा मेसेज न तपासता पुढे ढकलला! ती खंत अजून जात नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचं, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही हो, आलं म्हणून टाकलं." मग तो मेसेज माझ्यापाशीच थांबतो.

पैनगंगेकाठच्या या देऊळघाटात आपण पंचवीस वर्षं एकमेकांच्या भरवशावर काढली. फळ्यावर लिहिणाऱ्याचं अक्षर सगळ्यांना ओळखू यायचं. ग्रुपवरही तेवढी जबाबदारी राहो, हीच रौप्यमहोत्सवी शुभेच्छा.