मैदानाची किल्ली

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या मैदानाचा इतिहास तुम्हीच लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. मी सातवी झालेली बाई. इतिहास म्हटला की सनावळ्या आणि सनावळ्या म्हटल्या की छडी, एवढेच मला आठवते. पण त्या म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडे असते ना? मग इतिहासही तुमच्याकडेच." तेव्हा नाही म्हणवेना. वाचनालयातून पुस्तके आणली, दुपारची आवराआवर झाल्यावर वाचली, अडले तेथे मुलीला विचारले आणि आता लिहावयास बसले आहे. चुकेल तेथे भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आपले मैदान ते केवढे! सात-आठ गुंठ्यांचा तुकडा. तरी त्याची हकीकत सांगण्यापूर्वी मुंबईच्या थोरल्या मैदानांकडे एकदा जाऊन यावे लागेल. कारण गेल्या वर्षी किल्लीवरून आपल्यात जे भांडण झाले, तसले भांडण सव्वाशे वर्षांहून जुने आहे, हे मला वाचल्यावरच कळले.

ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदाने मुळात एकच होती. किल्ल्यावरून तोफ डागायची तर समोर आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरची जागा मोकळी राखली. म्हणजे पोराबाळांच्या खेळासाठी नव्हे, तोफेच्या गोळ्यासाठी! 1862 नंतर गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकीर्दीत तट पाडले गेले, पण मोकळ्या जागेचा बराच भाग तसाच राहिला. तिला एस्प्लनेड म्हणत. त्याआधी लोकांची गुरे तेथे चरत असत. सरकारने चराईवर फी बसवली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाय यांनी पदरच्या पैशाने ठाकुरद्वाराच्या बाजूला जमीन घेतली आणि तेथे गुरे फुकट चरू दिली. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून आले असे सांगतात. मी लग्न होऊन आल्यापासून त्या स्टेशनावर कितीदा उतरले असेन, पण हे नाव गाईंचे असेल असे मनातही आले नाही.

पुढे या एस्प्लनेडवर आपली मुले क्रिकेट खेळू लागली. आधी पारशी, मग हिंदू आणि मुसलमान. साहेबांच्या जिमखान्याला स्वतःच्या क्रिकेटसाठी चांगले राखलेले मैदान होते आणि त्यावर नेटिवांना पाऊल ठेवता येत नसे. पण साहेबांना पोलो खेळायची हौस आली, तेव्हा घोडे त्यांनी आपल्या मैदानात घातले नाहीत. जेथे ही मुले खेळत त्या मोकळ्या जागेत घातले. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडली, खड्डे पडले, चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम राहिला नाही. 1881 साली शेकडो खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. निकाल एकदा त्यांच्या बाजूने लागला, मग साहेबांनी खटपट करून तो फिरवला. शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थांनी हे भांडण चिकाटीने लढवले आणि 1897 साली त्याचे पुस्तकच छापले. शेवटी समुद्राकाठी पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. म्हणजे तंटा मिटला तो सर्वांना वाटून, एकत्र आणून नव्हे. हे मला फारसे आवडले नाही, पण झाले ते असे.

त्या मानाने दादरची गोष्ट सुखाची. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा नसलेल्या वस्तीत माणसे पटापट दगावली. 1898 मध्ये सरकारने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, बेताच्या उंचीची घरे आणि मोकळ्या जागा अशी वस्ती आखली. त्याच ट्रस्टात इंजिनिअर असलेल्या मंचेरजी जोशी यांनी पारशी कॉलनी उभी केली. तिथल्या पाच बागांना आज त्यांचेच नाव आहे. माहीमच्या बाजूला म्युनिसिपालिटीने 1925 साली माहीम पार्क खुले केले. तेच आपले शिवाजी पार्क.

हे नाव बदलले कोणी, ठाऊक आहे? एका बाईंनी! अवंतिकाबाई गोखले त्या वेळी म्युनिसिपालिटीत सभासद होत्या. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले होते, 1917 साली गांधीजींबरोबर चंपारणात जाऊन काम केले होते, मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिले होते, आणि 1918 साली मुंबईत हिंद महिला समाज काढला होता. महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षे होतात म्हणून 1927 साली त्यांनी या मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव देण्याचा आग्रह धरला. (तेव्हा जन्मसाल 1627 धरीत. आता शासन 1630 मानते.) म्हणजे ज्या मैदानावर पुढे एवढ्या सभा गाजल्या, त्याचे नाव महिला मंडळ चालवणाऱ्या एका बाईंनी ठेवलेले आहे. माझ्या सासूबाई सांगत की त्यांच्या तरुणपणी त्या कट्ट्यावर एकट्या बाईने टेकायचे म्हटले तरी संकोच वाटे. लहान मूल बरोबर असले तर चाले. कित्येकींनी शेजारणीचे मूल मागून नेले असेल! आता सकाळी फिरणाऱ्यांत बायकाच निम्म्या दिसतात. सभांच्या कर्ण्यांचा त्रास होई म्हणून तिथल्या रहिवाशांनी हायकोर्टात दाद मागितली आणि 2010 साली पार्क शांतता क्षेत्र ठरले. धुळीची तक्रार मात्र अजून ऐकू येते.

ओव्हलचे पुढे काय झाले तेही सांगते. 1990 नंतर तेथे कचरा, गर्दुल्ले आणि अंधार यांचे राज्य झाले होते. आजूबाजूच्या रहिवाशांनी संघ केला. त्यात बायका पुढे होत्या. ते हायकोर्टात गेले, मैदान राखण्याचे काम मागून घेतले, पैसे जमवले, माती-गवत केले, कडेने लोखंडी कठडा घातला. आज तेथे एका वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव चालतात. 2018 साली युनेस्कोने त्याच्या दोन्ही अंगांच्या इमारतींना जागतिक वारसा म्हटले. कठड्याबद्दल दोन मते आहेत. कोणी म्हणतो, त्यावाचून मैदान वाचले नसते. कोणी म्हणतो, सार्वजनिक जागेला फाटक कशाला? पण एक गोष्ट मी मुद्दाम जाऊन पाहिली. चर्चगेटहून कोर्टाकडे जाणाऱ्या लोकांसाठी मैदानाच्या मधून वाट ठेवलेली आहे.

आता आपल्याकडे येते. मी 2003 साली या वाडीत आले तेव्हा आपले मैदान मैदान नव्हते. म्युनिसिपालिटीच्या कागदावर 'खेळाचे मैदान' असे लिहिलेले आणि प्रत्यक्षात पुरुषभर उंच राडारोडा. घर दुरुस्त करणारा प्रत्येक जण फुटक्या लाद्या तेथे नेऊन टाकी. आम्हीही टाकल्या आहेत, खोटे का बोला! एका कार्यालयात आपल्या बायकांनी अर्जावर अर्ज दिले. दर वेळी नवा माणूस भेटे आणि नवा अर्ज मागे. शेवटी 2011 च्या दिवाळीनंतर आपण अकरा जणी दर रविवारी घमेली, फावडी आणि खराटे घेऊन उतरलो. पहिले दोन रविवार पुरुष मंडळी गॅलरीतून बघत होती. तिसऱ्या रविवारी आमच्या घरचे पहार घेऊन खाली आले आणि मग कोणाला वर बसवेना.

सगळे नीटच झाले असे नाही. पहिली रोपे आम्ही हौसेने भर वैशाखात लावली आणि ती आठ दिवसांत करपली. पुढल्या वर्षी मृगाचा पाऊस पडल्यावर ताम्हण, कडुलिंब आणि बकुळ लावली, ती जगली. घसरगुंडीचे तोंड पश्चिमेला केले होते. चार वाजता पत्रा असा तापे की एका पोराची मांडी भाजली. मग ती उखडून कडुलिंबाच्या बाजूला फिरवली. वाळूचा हौद केला होता, त्यावर मांजरांनी हक्क सांगितला. तो बुजवला.

आणि मग गेल्या वर्षी ते भांडण. नाल्यापलीकडच्या झोपडपट्टीतली मुले दुपारी येऊन झोपाळे मोडतात, असे म्हणून दुपारी बारा ते पाच फाटकाला कुलूप लावावे असा ठराव आला. तळमजल्याच्या काकू एकट्या विरुद्ध बोलल्या. म्हणाल्या, "झोपाळे आपल्या पोरांनी मोडले नाहीत का कधी?" कोणी ऐकले नाही. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मी होते. किल्ली माझ्याकडे राहिली, कारण माझे घर फाटकाला लागून.

वैशाखातल्या दुपारी त्या मुलांना कठड्याला धरून उभी असलेली मी पाहत असे. त्यांच्याकडे एक बॅट होती, तीही फळी तासून केलेली. बघत असे आणि पडदा ओढून घेत असे. शापूरजींची हकीकत वाचली त्या दुपारी मात्र पडदा ओढवला नाही. घोडे आपले नव्हते एवढेच, पण ज्यांच्या हाती कुलूप ते आपणच होतो. मी काकूंकडे गेले. त्या पापड लाटत होत्या. म्हणाल्या, "बस, लाटणे घे." दुसरे काही बोलल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत मी ठराव फिरवायचा प्रश्न काढणार आहे. तो पास होईल की नाही, सांगता येत नाही. दोघी-तिघी माझ्याशी बोलेनाशा होतील, तेही दिसते आहे. तोवर ठराव ठरावाच्या जागी आहे. फक्त दुपारी तीनच्या सुमारास दारावर टकटक होते आणि फळीची बॅट घेतलेला तो मोठा मुलगा विचारतो, "काकू, किल्ली?" मी खिळ्यावरची किल्ली काढून त्याला देते. पाचच्या आत तो ती परत आणून देतो. अजून एकदाही उशीर झालेला नाही.