भीती वाटली तर वर या



आजची गोष्ट समुद्राच्या तळाची आहे. बुडालेली जहाजं पाहायला माणसं पाण्याखाली उतरतात, काही जण तर रात्रीच्या अंधारात. त्यातले बरेच नवखे असतात. आपला काय संबंध, असं वाटेल. पण ही गोष्ट भीतीची आहे, आणि भीतीशी आपली सगळ्यांचीच ओळख आहे.

सुरुवात करूया 1900 सालापासून. ग्रीस देशात अँटिकिथेरा नावाच्या बेटाजवळ समुद्रातला स्पंज काढणारे पाणबुडे थांबले होते. एलियास स्टाडियाटिस हा त्यांतला एक. डोक्यावर तांब्याचं जड शिरस्त्राण, आणि होडीवरून पंपानं हवा पुरवणारी नळी. तो खाली गेला आणि थरथरत वर आला. तळाशी प्रेतांचा ढीग आहे, म्हणाला. मग कप्तान दिमित्रियोस कोंडोस स्वतः उतरला आणि एक काशाचा हात घेऊन आला. ती प्रेतं नव्हती, पुतळे होते. दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजातला तो माल होता.

पुढे सरकारच्या मदतीनं तो माल वर काढला गेला. खोली सुमारे 45 मीटर. त्या कामात एक पाणबुड्या दगावला आणि दोघांना लकवा झाला. कारण काय? खोल पाण्याच्या दाबानं हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. माणूस झटकन वर आला की, सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात होतात. म्हणून घाबरून एकदम वर धावणं हेही जिवावर बेततं.

1943 साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून हवी तेवढीच हवा देणारं यंत्र तयार केलं. नळीचं बंधन सुटलं आणि हौशी माणसंही खाली जाऊ लागली. पण टाकीतली हवा मोजकीच. 30 मीटरवर दाब चौपट होतो, म्हणून हवाही चौपट वेगानं संपते. त्यात माणूस घाबरला की धापा टाकतो. उथळ श्वासानं छातीतली वाईट हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून आणखी गुदमरल्यासारखं वाटतं, आणि भीती वाढते. चुलीत धूर कोंडला की जीव कसा घाबरा होतो, ते आपल्याला ठाऊक आहेच. तिथे उठून दार उघडता येतं. खाली दार उघडणार कोण?

इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात थिसलगॉर्म नावाचं ब्रिटिश जहाज आहे. ते आफ्रिकेला वळसा घालून लष्करी माल नेत होतं. सुएझ कालव्यात शिरायची वाट बघत उभं असताना, ऑक्टोबर 1941 मध्ये रात्रीच्या वेळी जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून ते बुडवलं. 9 माणसं गेली. ट्रक, मोटारसायकली, बूट आजही तिथे 30 मीटरच्या आत पडून आहेत. जगभरचे लोक ते पाहायला येतात आणि रात्रीही उतरतात.

आता त्यातल्या नवख्याचं बघा. बॅटरीचा उजेड पडेल तेवढंच दिसतं. पायाचा धक्का लागून गाळ उठला की तेही दिसेनासं होतं. जहाजाच्या पोटात शिरल्यावर डोक्यावर लोखंडी छत, म्हणजे सरळ वर येता येत नाही. मनातून नको वाटत असतं. पण पैसे भरलेले असतात, सगळे निघालेले असतात, भित्रा म्हणतील म्हणून तो गप्प राहतो. अपघाताची पायरी पुष्कळदा इथेच असते, होडीवरच.

1979 मध्ये अमेरिकेतल्या शेक एक्सले या पाणबुड्यानं पाण्याखालच्या गुहांतल्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. मुख्य कारणं तीन: बाहेरपर्यंतची दोरी लावलेली नव्हती, परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती, आणि झेपेल त्याहून खोल गेले होते. म्हणून नियम झाला: हवेचा एक भाग जायला, एक भाग यायला, आणि एक भाग अडीअडचणीला. जहाजात शिरणारेही तोच पाळतात. बचत गटातल्या बाईला हा हिशेब वेगळा समजावायला नको!

आणखी दोन गोष्टी शिकवतात. भीती वाटली तर आधी थांब, सावकाश श्वास घे, विचार कर, मग हालचाल कर. दुसरी याहून मोलाची: गटातल्या कोणीही, कधीही, कारण न सांगता ‘बस, वर जाऊ’ अशी खूण करावी. बाकीच्यांनी वाद न घालता वळावं, आणि वर आल्यावर कोणी हसू नये.

आपल्या मालवण-तारकर्लीलाही आता हौशी मंडळी पाण्याखाली जातात. ते दिवसाउजेडी, कमी खोलीवर आणि शिकवणारा सोबत असताना. तुमची लेक किंवा लेक-जावई जाणार असतील, तर अडवू नका. एवढंच विचारा: सोबत किती जणांमागे एक शिकवणारा आहे? घाबरल्यावर कोणती खूण करायची? नको वाटलं तर परत आणतील ना?

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधत, तेव्हा त्या पोराला कोणी भित्रं म्हणत नसे. शिकणाऱ्याला आधार लागतोच. सख्यांनो, आपल्या गटातही एखादी ‘मला नाही जमणार’ म्हणाली, तर आधी तिचं ऐकून घेऊया.