तास संपल्यानंतर: रानडे, गोखले आणि बंगळुरूचा अभ्यासवर्ग

बंगळुरूच्या बसवनगुडी भागात बुल टेम्पल रोडवर 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' आहे. इंग्रजीतल्या नावाने ती 'गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स' म्हणून ओळखली जाते. ती १९४५ साली डी. व्ही. गुंडप्पा यांनी स्थापन केली. कन्नड वाचक त्यांना 'डीव्हीजी' म्हणतात आणि 'मंकुतिम्मन कग्ग' या त्यांच्या काव्यग्रंथातले चरण कर्नाटकात अनेकांना तोंडपाठ असतात. आता प्रश्न असा, की कन्नड कवीने कन्नड शहरात काढलेल्या संस्थेला रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकच्या माणसाचे नाव का? गोपाळ कृष्ण गोखले तर तेव्हा जाऊन तीस वर्षे झाली होती.

गोखले राष्ट्रीय पुढारी होते आणि गुंडप्पांना त्यांच्याविषयी आदर होता, एवढे उत्तर परीक्षेला पुरेल. या टिपणात मात्र आपल्याला त्याच्या थोडे पलीकडे जायचे आहे. गुंडप्पांनी गोखल्यांचे नाव घेतले त्यात शिकण्याची एक पद्धतही आली, असे मला वाटते. पाठ ऐकून झाल्यावर विद्यार्थ्याने त्याचे काय करायचे, याविषयीची ती पद्धत. तिचा माग काढायला आपल्याला आधी पुण्याला जावे लागेल.

गोखले १८८४ साली बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जे वाट्याला येईल ते शिकवले. त्यांची स्मरणशक्ती प्रसिद्ध होती. इंग्रजी ग्रंथांची पानेच्या पाने ते पाठ करत. आज आपण अशा विद्यार्थ्याला 'टॉपर' म्हणू आणि गोष्ट तिथेच संपेल. गोखल्यांची तिथे संपली नाही, कारण १८८७ च्या सुमारास ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली आले.

रानडे त्यांचे वर्गातले शिक्षक नव्हते. दिवसा न्यायालयात बसणारे हे गृहस्थ उरलेल्या वेळात पुणे सार्वजनिक सभेचे काम पाहत. १८७० साली स्थापन झालेली ही सभा लोकांच्या वतीने सरकारकडे अर्ज आणि निवेदने पाठवी. शेतसारा, दुष्काळ, मीठावरचा कर, सरकारी खर्च असे विषय असत. सभेचे एक इंग्रजी त्रैमासिकही होते आणि त्याच्या संपादनाचे काम तरुण गोखल्यांकडे आले. रानड्यांनी त्यांच्यापुढे सरकारी अहवालांचे ढीग ठेवले. ते वाचायचे, त्यांतले आकडे ताडून पाहायचे आणि त्यावर स्वतः मसुदा लिहायचा. मसुदा रानड्यांपुढे गेला की खरी परीक्षा सुरू होई. हा आकडा कुठून आणला? या विधानाला आधार काय? सरकारी अधिकारी यावर काय म्हणेल? समाधान झाले नाही की मसुदा परत येई. ही उमेदवारी रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, या ना त्या रूपात चालू राहिली. पाठांतरात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हते त्याला पाठ असलेले बाजूला ठेवून आपल्या शब्दांत मांडायला लावणे, हे त्या काळच्या शाळेत सहसा होत नव्हते. पंतोजीच्या शाळेत परवचा होता, इंग्रजी शाळेत परीक्षा होती. दोन्हीकडे तेच परत म्हणून दाखवायचे असे.

याच काळातला एक प्रसंग गोखल्यांनी पुढे सांगितला आहे. बरीच मेहनत घेऊन सभेने एक निवेदन पाठवले आणि सरकारकडून आले ते दोन ओळींचे कोरडे उत्तर. तरुण गोखले वैतागले. कुणी वाचतच नसेल तर एवढी उठाठेव कशासाठी, असे त्यांनी रानड्यांना विचारले. रानड्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा होता: या अर्जांवर पत्ता सरकारचा असला तरी ते खरे लिहिलेले असतात आपल्या लोकांसाठी. अशा प्रश्नांवर विचार कसा करायचा हे लोकांनी त्यातून शिकावे. या देशात हे काम नवीन आहे, म्हणून दुसऱ्या फळाची अपेक्षा न धरता ते बरीच वर्षे करत राहावे लागेल.

इथे क्षणभर थांबा. वरचा परिच्छेद झाकून ठेवा आणि रानड्यांचे म्हणणे तुमच्या भाषेत दोन वाक्यांत लिहा. तिसऱ्या वाक्यात त्यावरचा तुमचा एक आक्षेप लिहा. आक्षेप सुचत नसेल तर परिच्छेद पुन्हा वाचा, कारण तो घेण्याजोगा आहे.

माझा आक्षेप सांगतो. रानडे 'आपले लोक' म्हणतात तेव्हा त्यात कोण कोण येत होते? सभेचे अर्ज इंग्रजीत. ते वाचू शकणारी मंडळी थोडी आणि बहुतेक एकाच थरातली. ज्यांना वर्गातच घेतले जात नव्हते त्यांना 'तास संपल्यावर तुला काय कळले' असे विचारणार कोण? पण याच पुण्यात, रानड्यांची सभा निघण्याच्या पंधरा वर्षे आधी, या प्रश्नाचे उत्तर एका चौदा वर्षांच्या मुलीने देऊन ठेवले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात दोन भागांत छापला गेला. तिला शाळेत येऊन तीनेक वर्षेच झाली होती. तिने निबंधात धड्यातली माहिती उतरवलेली नाही. शाळेत मिळालेली अक्षरे आणि तर्क तिने आपल्या वस्तीवर लावून पाहिले. वेद वाचायचा अधिकारच आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा युक्तिवाद आहे. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले जुलूम ती सांगते, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगते आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकायला सांगते. शिकलेल्या गोष्टीवर विद्यार्थ्याने केलेल्या विचाराचा मराठीतला याहून धारदार नमुना मला माहीत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात हा निबंध सहसा दलित साहित्याच्या किंवा स्त्री-इतिहासाच्या प्रकरणात येतो. तो शिक्षणाच्या इतिहासातही वाचला पाहिजे.

आता गोखल्यांकडे परत येऊ. १८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले. निवेदनाची तयारी रानडे आणि साताऱ्याचे अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मदतीने झाली होती. आयोगाच्या सदस्यांनी उलटतपासणी घेतली आणि तिशीतला हा प्राध्यापक डगमगला नाही. आश्चर्य नाही, अशी उलटतपासणी तो दहा वर्षे रानड्यांकडून सोसत आला होता.

पण त्याच मुक्कामात दुसरी एक गोष्ट घडली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती गोखल्यांना पुण्याहून आलेल्या पत्रांतून कळली. ती त्यांनी इंग्लंडमधल्या वृत्तपत्रात जाहीर केली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा नावानिशी पुढे यायला कुणी तयार होईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छीथू झाली आणि हा डाग त्यांना पुढे बरीच वर्षे बोचत राहिला. माफी मागणे योग्य होते का, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. आपल्या विषयापुरते एवढे पाहा: आयोगापुढचा प्रत्येक आकडा मसुद्याच्या चाळणीतून गेला होता, वृत्तपत्रातली बातमी तशी गेली नव्हती. ऐकणे आणि बोलणे यांच्या मध्ये जी पायरी रानड्यांनी घातली होती ती त्या दिवशी गळली.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात 'भारत सेवक समाज' स्थापन केला, तेव्हा ही पायरी त्यांनी नियमातच बसवली. नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती. त्यातला काही काळ पुण्याला अभ्यासात आणि काही काळ देश पाहण्यात जाई. व्यासपीठ त्यानंतर. १९१५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही त्यांनी तसेच सांगितले: वर्षभर देश हिंडा, पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका. गांधींनी ते मान्य केले. पुढच्याच महिन्यात, १९ फेब्रुवारीला, गोखले वारले. अट घालणारा गेला तरी गांधींनी अट पाळली.

आणि इथेच आपली गोष्ट बंगळुरूला पोहोचते. ८ मे १९१५ रोजी, त्याच मौनाच्या वर्षात, गांधी बंगळुरूला आले ते गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण करण्यासाठी. कार्यक्रम घडवून आणणाऱ्यांत अठ्ठावीस वर्षांचे पत्रकार गुंडप्पा होते. गुंडप्पांचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलहून आलेल्या या तरुणाने मिळेल ते काम करत, वाचत, वर्तमानपत्रांत लिहीत स्वतःला घडवले होते. पदवी हाती नसलेल्या माणसाला 'मला हे खरेच कळले आहे का' हा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारावा लागतो, कारण परीक्षा घेणारे दुसरे कुणी नसते. रानडे-गोखले यांच्या रीतीचे त्यांना एवढे आकर्षण का वाटले असावे, याचे एक कारण मला इथे दिसते. गोखल्यांच्या पश्चात भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री हेही मूळचे शाळामास्तर. ते काही काळ बंगळुरूत राहिले आणि गुंडप्पांचा त्यांच्याशी स्नेह होता. पुण्याची रीत दक्षिणेत आली ती अशा माणसांच्या येण्याजाण्यातून.

१९४५ साली, स्वातंत्र्य दाराशी आले असताना, गुंडप्पांनी संस्था काढली. राज्य हाती येईल, पण ते चालवायला लागणारा विचार करण्याची सवय नागरिकांना कुठून येणार, ही त्यांची काळजी होती. रानड्यांच्या त्या उत्तराचा प्रतिध्वनी तुम्हाला इथे ऐकू येईल. संस्थेत ग्रंथालय झाले, व्याख्याने झाली, नियतकालिक निघाले. तिचा जीव मात्र अभ्यासवर्गात होता. एखादा ग्रंथ किंवा विषय घ्यायचा, थोडे थोडे वाचत जायचे आणि त्यावर बोलायचे. हजेरी नाही, गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. गुंडप्पांची गीतेवरची व्याख्याने अशाच बैठकींतून झाली. त्यातून 'जीवनधर्मयोग' हा ग्रंथ तयार झाला आणि १९६७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे बोलणे आधी झाले, ग्रंथ नंतर आला. आपल्याकडे सहसा उलटा क्रम असतो: ग्रंथ आधी, मग त्याचे गाइड, मग गाइडातले पाठ केलेले उत्तर.

आपल्या जुन्या परंपरेत श्रवण, मनन, निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत आणि शिक्षणावरच्या भाषणांत त्या हमखास येतात. त्यांत मनन हे एकट्याने करायचे काम वाटते. पुण्याच्या आणि बंगळुरूच्या या उदाहरणांत प्रत्येक वेळी समोर दुसरा कुणीतरी आहे, हे लक्षात घ्या. 'आधार काय' असे विचारणारा. मुक्ता साळवेपुढे तिच्या शाळेचे गुरुजन आणि 'ज्ञानोदय'चे वाचक होते, गोखल्यांपुढे रानडे, गुंडप्पांपुढे बैठकीतले श्रोते. आरशापुढे बसून केलेल्या चिंतनात आपण स्वतःला फार लवकर पास करून टाकतो.

म्हणून या टिपणाचा स्वाध्याय एकट्याने करायचा नाही. वर्गातल्या कुणाही एकाला किंवा एकीला सोबत घ्या. शक्यतो तुमच्याहून वेगळ्या गावातून, वेगळ्या घरातून आलेल्याला. या आठवड्यात ऐकलेल्या कोणत्याही एका व्याख्यानावर दोघांनी वह्या न उघडता अर्धे पान लिहा आणि कागद अदलाबदल करा. समोरच्याच्या कागदावर दुरुस्ती करायची नाही, फक्त प्रश्न लिहायचे: हे कुठून कळले, हे सगळ्यांना लागू आहे का, याच्या उलट एखादे उदाहरण आहे का. कागद परत आला की पुन्हा लिहा. व्याख्यानात जे आलेच नव्हते पण प्रश्नांमुळे शोधावे लागले, ते दुसऱ्या शाईने लिहा.